मुखाचा कर्करोग आणि मानेची वाट

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे लेखरूप)

 

या व्याख्यानमालेत मी बोलावे असे ठरले तेव्हा संयोजकांनी मला ‘कापड व्यापारातील पन्नास वर्षे’ हा विषय दिला होता. त्या विषयावर मला दोन तास बोलता आले असते आणि कोणी अडवलेही नसते. तथापि मी स्वतः विनंती करून विषय बदलून घेतला. मी वैद्यकीय शिक्षण घेतलेले नाही. वाणिज्य शाखेची पदवी आणि गादीवरील चाळीस वर्षांचा अनुभव एवढेच माझे भांडवल. म्हणून आज जे सांगणार आहे ते एका विद्यार्थ्याने सांगितलेले आहे, असे समजून ऐकावे. हे भाषण लिहून झाल्यावर आपल्या समाजातील दोन डॉक्टर बंधूंनी ते तपासून दिले. त्यांनी खोडलेली वाक्ये मी पुन्हा घातलेली नाहीत.

मी हा विषय का शिकलो, ते प्रथम सांगणे प्राप्त आहे. माझा धाकटा बंधू आपल्यापैकी पुष्कळांच्या परिचयाचा होता. पर्युषणात आठ दिवस दुकान बंद ठेवण्याचा आग्रह त्याचाच. तंबाखू त्याने कधी हातात धरली नाही. गुटख्याचा वास आला तरी तो बाजूला होत असे. रात्रीचा चौविहार त्याने तरुणपणापासून सांभाळला. मात्र दुकानाच्या गादीवर सुपारीचा पितळी डबा असे, आणि तो डबा त्याच्या उजव्या हाताशी असे. गिऱ्हाईक आले की डबा पुढे करायचा, त्यांनी घेतली की आपणही चिमूटभर घ्यायची. दिवसातून किती वेळा, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. तो डबा गादीवर मी आणून ठेवला होता.

२००८ च्या दिवाळीनंतर त्याच्या जिभेच्या डाव्या कडेला एक लहान जखम झाली. समोरचा दात टोचत असेल म्हणून दात घासून घेतला. जीवनसत्त्वाच्या गोळ्या झाल्या, मध-हळद झाली. दोन महिने गेले. अखेरीस तुकडा काढून तपासणीस पाठवला आणि कर्करोगाचे निदान झाले. जखम दोन सेंटिमीटरांहून लहान होती, मानेत काही हाताला लागत नव्हते. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी आम्हांला समोर बसवून सांगितले की जिभेचा भाग काढावाच लागेल, परंतु त्याच वेळी डाव्या बाजूच्या मानेतील ग्रंथीही काढून घ्याव्यात असे त्यांचे मत आहे. त्यांनी हेही प्रामाणिकपणे सांगितले की याविषयी तज्ज्ञांत दोन मते आहेत. काही जण मानेवर लक्ष ठेवतात आणि गाठ आली तरच शस्त्रक्रिया करतात.

बंधू माझ्याकडे पाहून म्हणाला, “दादा, तुम्ही सांगाल तसे.” मी डॉक्टरांना विचारले, “जी गाठ दिसत नाही, हाताला लागत नाही, तिच्यासाठी मान का चिरायची?” आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांचा खांदा अशा शस्त्रक्रियेनंतर कायमचा खाली आला होता, तेही मनात होते. मी नको म्हणालो. जिभेची शस्त्रक्रिया उत्तम झाली. काठ स्वच्छ निघाले, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेला रोग नव्हता. आठ महिन्यांनी दाढी करताना त्याच्या हाताला जबड्याखाली सुपारीएवढी गाठ लागली. ती दुखत नव्हती. २०१० च्या चैत्रात तो गेला.

त्या दिवशी मी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर समजून घेण्यासाठी मी पुढची अनेक वर्षे वाचत राहिलो. ते उत्तर आज आपल्यासमोर मांडावयाचे आहे.

आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांखेरीज वाहिन्यांचे आणखी एक जाळे आहे. त्याला लसीका संस्था म्हणतात. हृदय रक्त ढकलते तेव्हा सूक्ष्म केशिकांच्या भिंतींतून थोडे पाणी बाहेर पाझरते आणि पेशींच्या अवतीभोवती साचते. त्यातील जे रक्तात परत शिरत नाही ते गोळा करून आणण्याचे काम या लसीकावाहिन्या करतात. दररोज दोन-तीन लिटर द्रव या मार्गाने गळ्याच्या तळाशी असलेल्या मोठ्या शिरांत परत पोहोचतो. हा मार्ग तुंबला म्हणजे काय होते, ते आपण हत्तीपायाच्या रुग्णांत पाहिलेले आहे.

या वाहिन्यांची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. रक्तवाहिन्या गोल फिरून हृदयाकडे येतात, लसीकावाहिनीचे सुरुवातीचे टोक मात्र बंद असते. त्या टोकाच्या पेशी कौलांसारख्या एकमेकींवर किंचित चढलेल्या असतात. बाहेर पाणी वाढले की फट उघडते, पाणी आत येते आणि फट मिटते. पुढे वाहिनीत ठिकठिकाणी झडपा असतात, म्हणून प्रवाह एकाच दिशेने जातो. या संस्थेला हृदयासारखा मध्यवर्ती पंप नाही. वाहिन्यांच्या भिंतींचे आकुंचन, श्वासोच्छ्वास आणि आजूबाजूच्या स्नायूंची हालचाल यांवर ती चालते. आता जिभेचा विचार करा. बोलणे, चावणे, गिळणे, स्तवन म्हणणे. जीभ जागेपणी क्वचितच स्वस्थ असते. तिच्यात लसीकावाहिन्यांचे जाळेही दाट आहे आणि ते मधली रेषा ओलांडून दुसऱ्या बाजूलाही जाते. जिभेच्या पोटात जे शिरले ते मानेकडे जाण्यास फार वेळ लागत नाही, त्याचे एक कारण हे.

वाटेत ग्रंथी लागतात. घेवड्याच्या दाण्याच्या आकाराच्या या ग्रंथींतून लसीका गाळली जाते आणि शरीराच्या संरक्षक पेशी तेथे परकीय द्रव्यांची ओळख करून घेतात. आपल्या शरीरातील अशा ग्रंथींपैकी जवळजवळ एक तृतीयांश केवळ मानेत आहेत. घसा दुखला की जबड्याखाली ज्या गाठी येतात, त्या याच. तोंडाचा कर्करोग शरीरात दूरवर पसरण्यापूर्वी बहुधा प्रथम येथे येतो. आणि तो येथे आला की रुग्ण वाचण्याची शक्यता साधारण निम्म्यावर येते. मुखाच्या कर्करोगाविषयीचे हे सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे, असे मला वाटते.

पूर्वी असे समजत असत की कर्करोगाच्या पेशी वाढता वाढता योगायोगाने जवळच्या लसीकावाहिनीत शिरतात आणि वाहत जातात. वाहिनी बिचारी तेथेच होती, तिचा यात काही दोष नाही. ही समजूत पूर्णपणे चुकीची नव्हती, पण अपुरी होती. अडचण अशी की सूक्ष्मदर्शकाखाली लसीकावाहिनी आणि बारीक रक्तवाहिनी सारख्याच दिसत. त्या वेगळ्या ओळखाव्यात कशा? आमच्या धंद्यातील उदाहरण देतो. सुती आणि पॉलिएस्टर धाग्यांचे मिश्र कापड नुसत्या डोळ्यांना एकजीव दिसते. परंतु केवळ सुतावर चढणाऱ्या रंगात ते बुडवले की सूत रंगते, पॉलिएस्टर कोरे राहते आणि कोणता धागा कुठे आहे ते कळते. लसीकावाहिनीला असाच वेगळा रंग चढवता येईल अशा खुणा १९९० च्या दशकाच्या अखेरीस सापडल्या. त्यांपैकी एक प्रथिन १९९९ साली इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी प्रसिद्ध केले. त्यानंतर गाठींच्या कापांत लसीकावाहिन्या मोजता येऊ लागल्या.

त्याच सुमारास दुसरा शोध लागला होता. फिनलंडमधील हेलसिंकी येथे कारी आलितालो यांच्या प्रयोगशाळेत १९९६ साली एक प्रथिन हाती आले, त्याचे नाव व्हीईजीएफ-सी. लसीकावाहिनीच्या पेशींवर त्याला धरून ठेवणारा एक ग्राही असतो. कुलपात किल्ली बसावी तसे हे प्रथिन त्या ग्राहीत बसते आणि पेशीला संदेश मिळतो की वाढ, नवा अंकुर फोड. गर्भावस्थेत हीच प्रक्रिया चालते. लसीकावाहिन्या गर्भातील शिरांतून अंकुरासारख्या फुटतात, हे फ्लॉरेन्स सेबिन या अमेरिकन विदुषीने १९०२ सालीच दाखवले होते. जन्मानंतर ही वाढ जवळपास थांबते. जखम भरताना किंवा दीर्घकाळ दाह राहिल्यास ती तात्पुरती पुन्हा सुरू होते.

कर्करोगाची गाठ हा थांबलेला कारखाना पुन्हा चालू करते. गाठीतील पेशी आणि तिच्याभोवती जमलेल्या काही संरक्षक पेशी व्हीईजीएफ-सी सोडतात. जवळच्या लसीकावाहिन्या रुंदावतात आणि गाठीच्या दिशेने नव्या शाखा फुटतात. २००१ साली एकापाठोपाठ एक प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की ज्या गाठी हे प्रथिन अधिक निर्माण करतात, त्यांतून ग्रंथींपर्यंत रोग अधिक पोहोचतो. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाच्या गाठींतही नव्या लसीकावाहिन्या आढळल्या, आणि अनेक अभ्यासांत त्यांची दाटी व मानेतील ग्रंथींचा रोग यांचा संबंध दिसला. सर्व अभ्यासांत तो सारखा दिसलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. गाठीच्या आतल्या वाहिन्या दाबाखाली चेपून निकामी होतात आणि खरी ये-जा गाठीच्या काठावरील रुंद वाहिन्यांतून होते, असे २००२ च्या एका संशोधनाचे म्हणणे आहे.

यापुढील भाग वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले की गाठीतून सुटलेली ही प्रथिने लसीकेबरोबर वाहत ग्रंथीपर्यंत जातात आणि कर्करोगाची एकही पेशी तेथे पोहोचण्याआधीच ग्रंथीतील वाहिन्या वाढू लागतात. पाहुणा येण्यापूर्वी त्याचे सामान पोहोचावे आणि खोली तयार व्हावी, असा हा प्रकार. शिवाय लसीकावाहिन्या स्वतः एक रासायनिक द्रव्य सोडतात. शरीरातील संरक्षक पेशींना ग्रंथीकडे बोलावण्यासाठी ते असते. काही कर्करोग-पेशी त्या हाकेला ओ देणारा ग्राही आपल्या अंगावर धारण करतात आणि संरक्षक पेशींच्याच वाटेने आत जातात.

म्हणजे ज्या दिवशी मी “गाठ दिसत नाही” म्हणालो, त्या दिवशी वाट कदाचित तयार झालेली होती. हाताला लागण्यासाठी ग्रंथी सुमारे एक सेंटिमीटरपर्यंत वाढावी लागते. त्याआधी तिच्यात लक्षावधी पेशी बसलेल्या असू शकतात. तोंडाच्या लहान कर्करोगात, मान हाताला आणि चित्रांत स्वच्छ वाटत असतानाही, चारांपैकी किंवा तिघांपैकी एका रुग्णाच्या ग्रंथींत रोग दडलेला आढळतो. जखमेची रुंदी डोळ्यांना दिसते, पण रोग ग्रंथींत जाण्याचा अंदाज तिच्या खोलीवरून अधिक चांगला येतो. म्हणूनच २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या वर्गीकरणात खोलीचे माप समाविष्ट केले गेले.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण या सभेत ते न करणे मला योग्य वाटत नाही. हे सर्व ज्ञान कोठून आले? १६२२ साली इटलीतील गास्पारे असेल्ली या शरीरशास्त्रज्ञाने भरपेट खाल्लेल्या एका जिवंत कुत्र्याचे पोट फाडले, तेव्हा आतड्याच्या पडद्यावर त्याला दुधासारखे पांढरे धागे दिसले. लसीकावाहिन्यांच्या अभ्यासाची सुरुवात तेथून मानली जाते. त्यानंतरचे बहुतेक प्रयोग उंदरांवर झाले. पंचेंद्रिय जीवांच्या वेदनेतून मिळालेली ही माहिती आहे. ती वाचताना मला संकोच झाला आणि आजही होतो. तिचा उपयोग करू नये असे मी म्हणणार नाही, कारण मग मी आज येथे बोललोच नसतो. या विचाराचे समाधान मला सापडलेले नाही. प्रतिक्रमणात ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणताना ते मुके जीवही माझ्या मनात असतात, एवढेच सांगतो.

आता माझ्या प्रश्नाच्या उत्तराकडे येतो. ते उत्तर उंदरांनी दिलेले नाही, रुग्णांनी दिले आहे, आणि तेही आपल्या मुंबईत. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात २००४ पासून एक मोठी चाचणी चालू होती. तोंडाचा कर्करोग लहान आहे आणि मानेत काही लागत नाही, अशा रुग्णांचे चिठ्ठी टाकावी तसे दोन गट केले गेले. एका गटात तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच मानेतील ग्रंथी काढल्या. दुसऱ्या गटात मानेवर केवळ लक्ष ठेवले आणि गाठ आली तरच शस्त्रक्रिया केली. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीन वर्षांअखेर पहिल्या गटातील ८० टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्या गटातील ६७.५ टक्के. रोग परत न येता जगलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ६९.५ टक्के आणि दुसऱ्यात ४५.९ टक्के होते.

वाणिज्य शाखेच्या माणसाला टक्केवारीची सवय असते. साडेबारा टक्क्यांचा फरक म्हणजे दर आठ रुग्णांमागे एक जीव. जगभरातील शल्यचिकित्सक जवळपास अर्धशतक ज्या प्रश्नावर वाद घालत होते, त्याचे उत्तर आपल्या देशातील रुग्णालयाने दिले आणि आज सर्वत्र ते प्रमाण मानले जाते. मला याचा अभिमान वाटतो. आणि ते आकडे प्रथम वाचले त्या रात्री मला झोप आली नाही, हेही खरे. माझा बंधू त्या आठांतील एक होता की नव्हता, हे कोणीच सांगू शकत नाही. मानेतील ग्रंथी काढल्या असत्या तरी रोग परतला असता, असेही शक्य आहे. शंभरातील वीस जण पहिल्या गटातही गेलेच. डॉक्टरांनी २००८ साली दोन मते आहेत असे सांगितले, ते त्या वेळेपुरते सत्यच होते. त्यांच्याकडे बोट दाखवण्यासारखे काही नाही.

खांद्याच्या भीतीविषयी दोन शब्द. १९०६ साली अमेरिकेतील जॉर्ज क्राइल यांनी मानेच्या ज्या मोठ्या शस्त्रक्रियेचे वर्णन केले, तिच्यात ग्रंथींबरोबर मानेचा मोठा स्नायू, मोठी शीर आणि खांदा उचलणारी मज्जा हे सर्व काढले जाई. रुग्णांचे खांदे त्यामुळे पडत. आज मानेत गाठ नसलेल्या रुग्णात सामान्यतः ठरावीक भागातील ग्रंथीच काढतात आणि स्नायू, शीर व मज्जा जपतात. थोडा ताठरपणा, थोडी बधिरता राहते, व्यायाम करावा लागतो. मी २००८ साली घाबरलो होतो ती शस्त्रक्रिया वेगळी आणि डॉक्टर सुचवत होते ती वेगळी. मी विचारले असते तर त्यांनी सांगितले असते. मी विचारले नाही.

काही ठिकाणी याहूनही लहान उपाय केला जातो. जखमेभोवती अल्प किरणोत्सर्गी द्रव्य टोचून ते लसीकेबरोबर कोणत्या ग्रंथीत प्रथम पोहोचते ते पाहतात आणि तीच काढून तपासतात. तेथे रोग नसेल तर बाकीच्या ग्रंथींना हात लावत नाहीत. फ्रान्स आणि जपान येथील चाचण्यांत, २०२० व २०२१ साली, ही पद्धत पूर्ण ग्रंथी काढण्याच्या तोडीची ठरली. कर्करोगाच्या पेशींना जी वाट दाखवली गेली, तीच वाट डॉक्टरांनाही कामास येते.

मग लसीकावाहिन्यांची ही नवी वाढ औषधाने थांबवता येणार नाही काय, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. प्रयत्न झाले आहेत, पण मुखाच्या कर्करोगासाठी असे औषध नित्याच्या उपचारात आलेले नाही. त्यात एक मोठी गुंतागुंत आहे. याच वाहिन्या रोगाची वार्ता संरक्षक पेशींपर्यंत नेतात. वाट तोडली तर चोराबरोबर शिपायाचीही वाट बंद होते. २०२२ साली उंदरांवरील एका अभ्यासात असे दिसले की मानेतील ग्रंथी आधीच काढल्या तर प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या औषधांचा प्रभाव कमी होतो. २०२५ साली अमेरिकेत, वाढलेल्या अवस्थेतील तोंड-घशाच्या कर्करोगासाठी, असे एक औषध शस्त्रक्रियेपूर्वी देण्यास मान्यता मिळाली आहे. ग्रंथी केव्हा काढाव्या आणि तोवर त्यांच्याकडून कोणते काम करून घ्यावे, हा विचार अशा रीतीने पुढे चालला आहे. लहान जखमेच्या रुग्णाने मात्र आज याची वाट पाहत थांबू नये.

बंधूंनो आणि भगिनींनो, आता मी आपल्या घरच्या गोष्टीकडे वळतो. काही जणांना ती रुचणार नाही, याची मला कल्पना आहे.

आपण सप्त व्यसनांचा त्याग शिकवतो. त्या सातांत सुपारी नाही. म्हणून तंबाखू न खाणारा आपला मनुष्य स्वतःला निर्व्यसनी समजतो आणि दिवसभर सुपारी चघळतो. परंतु आपल्या पच्चक्खाणात चार आहार सांगितले आहेत : अशन, पान, खादिम आणि स्वादिम. लवंग, वेलदोडा, सुपारी ही स्वादिमात येतात. माझा बंधू चौविहार करीत असे, म्हणजे सूर्यास्तानंतर सुपारीही बंद. रात्रभर जी वस्तू त्याने व्रत म्हणून सोडली, ती सूर्योदयानंतर नवकारसी पारली की पुन्हा सुरू होई. ती सोडणे त्याला अशक्य होते असे म्हणण्यास म्हणूनच मला जागा नाही. दिवसाही सोड, असे त्याला कोणी सांगितले नाही, इतकेच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली नुसत्या सुपारीला, तंबाखूविना असलेल्या सुपारीला, मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. तंबाखूही त्याच गटात आहे. सुपारीने गालांच्या आतील अस्तर ताठर होते. नव्या कापडाला खळ असावी तसे ते होते. फरक इतकाच की ही खळ धुतल्याने जात नाही. तोंड हळूहळू कमी उघडू लागते. हा विकार १९५२ साली आफ्रिकेतील केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांत प्रथम नोंदला गेला आणि पुढच्याच वर्षी मुंबईतून त्यावर लेख प्रसिद्ध झाला. केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात अशा रुग्णांवर सतरा वर्षे लक्ष ठेवले, तेव्हा त्यांतील ७.६ टक्क्यांना कर्करोग झाला. माझा बंधू अखेरच्या काही वर्षांत पाणीपुरी अर्धी तोडून खात असे. आम्ही सारे त्यावर हसत असू.

त्याचा कर्करोग सुपारीनेच झाला, असे एका माणसाबाबत सिद्ध करता येत नाही. देशाबाबत मात्र अंदाज आहेत. २०२२ साली भारतात ओठ व मुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे ८० हजार मृत्यू झाले, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. त्याच वर्षी आपल्या देशातील सुमारे ८३ हजार रुग्णांच्या आजाराचे मूळ चघळण्याच्या तंबाखूत किंवा सुपारीत होते, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने काढले आहे. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. आपल्या पंगतीतील तबकावर ती लागू होत नाही.

आपल्या संस्थेच्या भोजनशाळेत, साखरपुड्याला, पारण्याला, इतकेच काय शोकसभेनंतरही, सुपारीचे तबक फिरते. माझी विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे की सुवर्णमहोत्सवी वर्षापासून ते फिरू नये. बडीशेप आहे, धणाडाळ आहे, ओवा आहे. पाहुणचारात काही उणे पडणार नाही. आपल्यापैकी काही बंधूंचा सुपारीचा घाऊक व्यापार आहे, ते माझे स्नेही आहेत आणि आज समोर बसलेले आहेत. श्रावकासाठी वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य आहे. सुपारी त्यात मोडते किंवा नाही, याचा निर्णय देण्याचा माझा अधिकार नाही. तो प्रश्न गुरुभगवंतांना विचारावा. मी स्वतः आमच्या गादीवरील डबा २०१० साली उचलला. दोन-तीन जुन्या गिऱ्हाइकांनी नाराजी दाखवली, पण खरेदी कोणी थांबवली नाही.

ज्यांना सवय आहे त्यांनी असे समजू नये की आता सोडून काय उपयोग. सुपारी सोडली की मुखाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष आहे. आणि तोंड पाहणे हे डोळे असलेल्या कोणालाही जमते. केरळात थिरुवनंतपुरम येथे आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन केवळ डोळ्यांनी तोंडे तपासली. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत मुखाच्या कर्करोगाचे मृत्यू त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने घटले, हे २००५ साली प्रसिद्ध झाले. त्यासाठी कोणतेही यंत्र लागले नव्हते.

घरी आरशासमोर बॅटरी घेऊन उभे राहा. गाल ओढून आत पाहा, जीभ बाहेर काढून दोन्ही कडा पाहा, जीभ टाळूला लावून खाली पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तीन बोटे उभी मावणार नाहीत इतके कमी उघडणारे तोंड, जबड्याखाली न दुखणारी टणक गाठ, यांपैकी काही दिसले तर डॉक्टरांकडे जा. दात टोचतो असे वाटले तर दात जरूर घासून घ्या, पण पंधरा दिवसांत जखम भरली नाही तर तुकडा तपासण्याचा आग्रह धरा. सुईने किंवा तुकडा काढल्याने रोग पसरतो, या गैरसमजापायी आमचे त्या वेळी दहा-बारा दिवस गेले होते. आणि डॉक्टरांनी मानेविषयी काही सांगितले, तर घरातील मोठ्या माणसाने उत्तर देण्याआधी माझ्यासारखा एकच प्रश्न विचारून थांबू नये. शस्त्रक्रिया कोणती, काय काढणार, काय जपणार, न केल्यास पुढे काय, हे सर्व विचारावे. आणि ज्याची मान आहे त्यालाही बोलू द्यावे.

आज सभा संपल्यानंतर वाचनालयाच्या खोलीत आपल्या समाजातील दोन दंतवैद्य भगिनी तीन वाजेपर्यंत थांबणार आहेत. तपासणीस प्रत्येकी पाच मिनिटे लागतात. पहिले नाव मी माझे लिहिले आहे आणि दुसरे माझ्या वहिनींनी, म्हणजे बंधूच्या पत्नीने, माझ्या पुतण्याचे लिहिले आहे. तो आज दुकान सोडून आला आहे.

जय जिनेंद्र.